विज्ञानाचे मास्तर अवकाशात

उजनी जलाशयाच्या काठावरच्या गावांना एक गोष्ट फुकटात मिळाली आहे : मोकळे आकाश. केत्तूर, कुगाव, वांगी, कंदर किंवा धरणाजवळचे भीमानगर, यापैकी कुठूनही पाण्याकडे तोंड करून उभे राहिले की नजर लांब क्षितिजापर्यंत जाते. दिवस मावळल्यावर तासा-दीड तासात या आकाशातून कधी कधी एक ठळक पांढरा ठिपका सरकत जातो. तो लुकलुकत नाही, त्याचा आवाज येत नाही, आणि चार-पाच मिनिटांत तो दिसेनासा होतो. पुष्कळ जण त्याला विमान समजतात. ते असते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, तासाला जवळपास २८ हजार किलोमीटर वेगाने ते पृथ्वीभोवती फिरते आणि दीड तासात एक फेरी पुरी करते.

ठिपका दिसतो तो स्थानकावरच्या दिव्यांमुळे नव्हे. आपल्याकडे अंधार पडलेला असला तरी तेवढ्या उंचीवर अजून ऊन असते, आणि ते स्थानकाच्या प्रचंड सौरपंखांवरून परावर्तित होऊन खाली येते. स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरले की ठिपका आकाशाच्या मधोमधही विझतो. या पंखांच्या चार जोड्या आहेत. शेवटची जोडी मार्च २००९ मध्ये बसवली गेली आणि तेव्हापासून हा ठिपका अधिकच उजळ झाला. ती जोडी घेऊन गेलेल्या ‘डिस्कव्हरी’ यानात सात जण होते. त्यातले दोघे पाच वर्षांपूर्वीपर्यंत शाळेत मुलांना शिकवत होते. एकाचे नाव जोसेफ अकाबा, दुसऱ्याचे रिचर्ड अर्नोल्ड.

अकाबा यांची कारकीर्द सरळ रेषेत गेलेली नाही, म्हणूनच ती नीट पाहण्यासारखी आहे. जन्म १९६७ चा, कॅलिफोर्नियातला. आईवडील मूळचे पोर्टो रिको या कॅरिबियन बेटावरचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतून भूविज्ञानाची पदवी घेतली, मग ॲरिझोना विद्यापीठातून त्याच विषयात पदव्युत्तर शिक्षण. सहा वर्षे ते मरीन कोअरच्या राखीव दलातही होते. पहिली नोकरी भूजलतज्ज्ञाची. लॉस एंजेलिस परिसरात कारखान्यांच्या विषारी कचऱ्याने जमीन आणि भूजल नासलेल्या जागा सरकारने स्वच्छतेसाठी निश्चित केल्या होत्या, तिथे त्यांनी काम केले. विष जमिनीखाली किती खोल गेले, पाण्याबरोबर कुठल्या दिशेला सरकते आहे, हे शोधायचे. पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्याची आणि हिरव्या पडणाऱ्या पाण्याची चर्चा वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या उजनीकाठाला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

त्यानंतर बहामा बेटांवरच्या एका सागरी संशोधन केंद्राचे व्यवस्थापन. मग ‘पीस कोअर’ या अमेरिकी सेवायोजनेतून डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये दोन वर्षे पर्यावरण शिक्षणाचे काम. पुढे फ्लोरिडात किनारपट्टीवर खारफुटी पुन्हा लावण्याच्या प्रकल्पाची जबाबदारी. आणि मग शाळा. एक वर्ष मेलबर्न नावाच्या गावातल्या हायस्कुलात आणि चार वर्षे डनेलन या छोट्या गावातल्या माध्यमिक शाळेत त्यांनी विज्ञान आणि गणित शिकवले. ही शाळा म्हणजे आपल्याकडच्या सहावी ते आठवीच्या वयाची मुले.

डनेलन हेही पाणकाठचेच गाव. चुनखडीतून वर येणाऱ्या झऱ्यांचे नितळ पाणी घेऊन वाहणारी रेनबो नदी इथे विथलाकूची नदीला मिळते आणि पुढे त्याच नदीवर बांध घालून केलेला जलाशय आहे. आपल्याकडे खाली काळा बेसाल्ट आहे. तो पाणी सहज मुरू देत नाही, मुरलेले पाणी भेगांमधून हिंडते. तिकडे सच्छिद्र चुनखडी. खडक बदलला की विहिरीचा स्वभाव बदलतो, आणि हा मुद्दा मुलांना सांगायला भूजलतज्ज्ञापेक्षा चांगला मास्तर कुठे मिळणार? मात्र अशा माणसाला ‘हा आता विज्ञान सोडून शाळेत गेला’ असे म्हणण्याची पद्धत तिकडेही आहे, इकडे तर आहेच.

२००४ च्या मे महिन्यात नासाने अंतराळवीरांच्या नव्या तुकडीची नावे जाहीर केली. त्या तुकडीतल्या अकरा अमेरिकी उमेदवारांत तीन शिक्षक होते. अकाबा, अर्नोल्ड आणि डॉरथी मेटकाफ-लिंडेनबर्गर. या तिसऱ्या बाईंची गोष्ट कुठल्याही विज्ञान शिक्षकाला आपली वाटेल. वॉशिंग्टन राज्यातल्या एका हायस्कुलात त्या भूविज्ञान आणि खगोलशास्त्र शिकवत. वर्गातल्या एका मुलीने विचारले, अंतराळवीर शौचाला कसे जातात? उत्तर ठाऊक नव्हते म्हणून बाई नासाच्या संकेतस्थळावर शोधायला गेल्या आणि तिथे त्यांना शिक्षकांकडून अर्ज मागवल्याची सूचना दिसली. २०१० च्या एप्रिलमध्ये त्या अवकाशात गेल्या. तो प्रश्न ‘असले काही विचारू नये’ म्हणून दडपला गेला असता तर त्या सूचनेपर्यंत त्या पोचल्या असत्या का, कोण जाणे.

नासाला शिक्षक हवे का होते, हे समजण्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागते. १९८४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जाहीर केले, की अवकाशात जाणारी पहिली सामान्य नागरिक व्यक्ती शिक्षक असेल. अकरा हजारांहून अधिक शिक्षकांनी अर्ज केले. न्यू हॅम्पशायरच्या कॉनकॉर्ड गावातील सामाजिक शास्त्रांच्या शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ निवडल्या गेल्या. २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी ‘चॅलेंजर’ यान उडाले आणि ७३ सेकंदांनी नष्ट झाले. सातही जण मृत्युमुखी पडले. देशभरातल्या शाळांत मुले हे उड्डाण पाहत बसली होती.

कारण अगदी साधे होते, आणि म्हणूनच संतापजनक. घन इंधनाच्या अग्निबाणाचे भाग जिथे एकमेकांना जोडले जातात तिथे रबरी रिंगा बसवलेल्या होत्या. शेतातल्या पाइपच्या सांध्यात बसवतात तशाच कामाच्या, आकाराने फार मोठ्या. थंडीत रबर ताठरते आणि सांधा पटकन भरून काढू शकत नाही. त्या दिवशी फ्लोरिडात तापमान गोठणबिंदूच्या जरासेच वर होते. तप्त वायू सांध्यातून बाहेर आला. बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री थंडीचा धोका सांगितला होता. तो ऐकला गेला नाही.

या अपघाताने भारताचेही एक दार बंद केले. ‘इन्सॅट-१सी’ हा उपग्रह अमेरिकी शटलमधून सोडायचा आणि त्याबरोबर एका भारतीय शास्त्रज्ञाने जायचे, असे ठरले होते. त्यासाठी इस्रोतील पी. राधाकृष्णन आणि नागपती भट यांची निवडही झाली होती. चॅलेंजरनंतर ते रद्द झाले आणि उपग्रह १९८८ मध्ये युरोपच्या एरियन अग्निबाणाने गेला.

मॅकऑलिफ यांच्या जागी राखीव म्हणून प्रशिक्षण घेतलेल्या बार्बरा मॉर्गन आयडाहो राज्यातल्या आपल्या प्राथमिक शाळेत परतल्या. १९९८ मध्ये नासाने त्यांना पुन्हा बोलावले, पण या वेळी पूर्णवेळ अंतराळवीर म्हणून. त्या प्रत्यक्ष अवकाशात गेल्या २००७ च्या ऑगस्टमध्ये. पहिल्या प्रशिक्षणानंतर तब्बल एकवीस वर्षांनी.

पहिल्या योजनेत आणि दुसरीत एक मोठा फरक आहे. पहिल्या योजनेतली शिक्षिका ही यानातली पाहुणी होती. काही महिन्यांचे प्रशिक्षण, अवकाशातून दोन पाठ आणि परत शाळेत. हेतू चांगला असला तरी त्यात प्रसिद्धीचा भाग मोठा होता. दुसऱ्या योजनेत शिक्षकांना इतर उमेदवारांच्याच चाळणीतून जावे लागले, तेच प्रशिक्षण पुरे करावे लागले आणि बाकीच्यांइतकेच धोक्याचे काम वाट्याला आले. शिक्षकांना खरा मान मिळाला तो इथे.

प्रशिक्षण म्हणजे काय? जेट विमानात बसणे, रोबोटिक हात चालवणे, यानाची प्रत्येक यंत्रणा शिकणे, रशियन भाषा, जंगलात तग धरणे. सर्वांत दमवणारा भाग पाण्यातला. ह्यूस्टनमध्ये बारा मीटर खोल आणि दोन कोटी तीस लाख लिटरहून अधिक पाण्याचा तलाव आहे. त्यात स्थानकाची हुबेहूब प्रतिकृती बुडवलेली असते. अंतराळवीराला पोशाखासह वजने आणि फुगीर तुकडे लावून असे तोलतात, की तो ना बुडावा, ना तरंगावा. धरणात पोहणाऱ्या मुलांना प्लावक बल अंगानेच ठाऊक असते, तेच इथे कामाला येते. फरक एवढाच, की पाण्यात हात हलवायला पाणी अडवते, अवकाशात काहीच अडवत नाही. तिथे स्क्रू पिळायला गेले आणि पाय घट्ट बांधलेले नसतील तर माणूसच गरगर फिरू लागतो.

२३ मार्च २००९ रोजी अकाबा आणि अर्नोल्ड हे दोन्ही माजी शिक्षक एकत्र स्थानकाबाहेर पडले. बाहेर जाण्याआधीची तयारीही वैद्यकीय दृष्टीने पाहण्याजोगी असते. अवकाशपोशाखातला दाब समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम तीस टक्के असतो. जास्त ठेवला तर पोशाख फुगलेल्या ट्यूबसारखा ताठ होतो आणि बोटेसुद्धा वाकत नाहीत. पण दाब एकदम कमी केला तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे. सांधे दुखण्यापासून जिवावर बेतण्यापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन शरीरातला नायट्रोजन धुऊन काढतात. त्या काळी त्यासाठी आदली रात्र कमी दाबाच्या बंद खोलीत झोपून काढण्याची पद्धत होती.

त्या मोहिमेत सगळे सुरळीत झाले नाही. आधीच्या स्पेसवॉकमध्ये अकाबा आणि स्टीव्हन स्वॉन्सन सामान अडकवण्याची एक चौकट उघडत होते. तिची खिट्टी उलटी बसली आणि अडकली. मग या दोन मास्तरांनी तिच्यावर जोर लावून पाहिला, तरी ती निघेना. शेवटी चौकट तशीच बांधून ठेवून ते आत आले. त्याच वर्षी जुलैत दुसऱ्या चमूने खास अवजार नेऊन ती सोडवली. तासन्‌तास जाड हातमोज्यांत काम करणाऱ्यांच्या वाट्याला असलेही येते. सौरपंखांचे मुख्य काम मात्र फत्ते झाले होते.

अकाबा पुढे आणखी दोनदा गेले. २०१२ मध्ये १२५ दिवस आणि २०१७-१८ मध्ये १६८ दिवस. तिन्ही फेऱ्या मिळून ३०६ दिवस अवकाशात आणि तीन स्पेसवॉकचे मिळून १९ तास ४६ मिनिटे. तिसऱ्या वेळी ते वर पोचून आठवडा झाला होता, तोच ‘मारिया’ चक्रीवादळाने त्यांच्या आईवडिलांचे पोर्टो रिको उद्ध्वस्त केले. दीड तासाला एक फेरी मारणाऱ्या माणसाला हे सगळे वरून पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते. २०२३ मध्ये ते नासाच्या अंतराळवीर विभागाचे प्रमुख झाले. कुणाला कुठल्या मोहिमेवर पाठवायचे, हे ठरवण्याची जबाबदारी एका माजी विज्ञान शिक्षकाकडे आली.

एवढे दिवस तिथे राहून शरीराचे काय होते? आधी एक गैरसमज दूर करायला हवा. स्थानकावर गुरुत्वाकर्षण नसते असे नाही. त्या उंचीवरही ते जमिनीच्या मानाने नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. स्थानक आणि आतली माणसे पृथ्वीकडे सतत एकत्र पडत असतात, पण आडव्या वेगामुळे जमिनीला लागत नाहीत. जत्रेतला आकाशपाळणा खाली येताना पोटात जो गोळा येतो, तो तिथे सहा महिने असतो, असे म्हणा.

या अवस्थेत भार घेणारी हाडे महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावतात. म्हणजे म्हातारपणी वर्षभरात जेवढी झीज होते, तेवढी साधारण महिन्यात. पायाचे आणि पाठीचे स्नायू रोडावतात. रक्त व इतर द्रव डोक्याकडे सरकल्याने चेहरा सुजतो, पाय बारीक होतात, आणि काहींच्या नजरेवरही परिणाम होतो. उपाय म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम. पट्ट्यांनी बांधून घेऊन ट्रेडमिलवर पळायचे, सायकल मारायची आणि वजनाऐवजी हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रावर जोर काढायचा. खाली परत आल्यावर पुन्हा महिनोन्‌महिने पुनर्वसन. यातून मिळालेले ज्ञान खाली अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या आणि ठिसूळ हाडांच्या अभ्यासालाही उपयोगी पडते. हाडाला भार लागतो, हे त्यातले सर्वांत सोपे सूत्र.

पाण्याचा हिशेब तर उजनीकाठाने मुद्दाम ऐकावा. धरण भरले की सुमारे ११७ टीएमसी पाणी, त्यातले निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, आणि उन्हाळ्यात ‘उणे’ टक्क्यांच्या बातम्या. स्थानकावर मृतसाठा नावाची चैन नाही. पृथ्वीवरून नेलेला प्रत्येक लिटर महाग पडतो, म्हणून घाम, उच्छ्वासातली वाफ आणि लघवी गोळा करून त्याचेच पिण्याचे पाणी करतात. लघवीचे ऊर्ध्वपातन करणारे यंत्र सुरुवातीला बिघडले होते. त्याचा बदली भाग २००९ च्या त्याच मोहिमेत, अकाबा आणि अर्नोल्ड यांच्याबरोबर वर गेला. २०२३ मध्ये पाण्याच्या या पुनर्वापराचे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत पोचल्याचे नासाने सांगितले.

पण या दोघांनी शिक्षक म्हणून केलेले सर्वांत मोलाचे काम २०१८ मध्ये झाले. फेब्रुवारीअखेर अकाबा परतले आणि मार्चमध्ये अर्नोल्ड स्थानकावर पोचले. या सलग मुक्कामांत दोघांनी मिळून मॅकऑलिफ यांचे अपुरे राहिलेले पाठ चित्रित केले. फसफसणारी गोळी पाण्यात टाकली तर खाली बुडबुडे वर येतात, कारण प्लावक बलाला ‘वर’ आणि ‘खाली’ असा फरक लागतो. स्थानकावर तो नाही, म्हणून बुडबुडे पाण्याच्या तरंगत्या गोळ्यातच अडकून राहतात. उलट शाईचे रंग वेगळे करण्याचा प्रयोग तिथेही होतो, कारण कागदातून पाणी पुढे सरकते ते केशाकर्षणाने, त्याला गुरुत्वाची गरज नाही. हा दुसरा प्रयोग कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत होण्यासारखा आहे. टीपकागदाची पट्टी, तिच्यावर काळ्या स्केचपेनचा ठिपका आणि तळाला बोटभर पाणी. ठिपका पाण्याच्या वर राहील एवढे पाहायचे. दहा मिनिटांत एका काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग फुटू लागतात. चित्रफिती शिक्षकांसाठी मोफत उपलब्ध आहेत.

मग आपल्याकडचा शिक्षक कधी? याच माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामाची त्यात दखल होती. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. म्हणजे इथल्या शिक्षकाचे काम जगापर्यंत पोचू शकते, याचा दाखला बाहेरून आणण्याची गरज नाही.

अवकाशाचा रस्ता मात्र भारतात अजून लष्करी वैमानिकांचाच आहे. गगनयानसाठी निवडलेले चौघेही हवाई दलातले. त्यांतलेच शुभांशू शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये अवकाश स्थानकावर गेले आणि जुलैत परतले. तिथे त्यांनी मूग आणि मेथीला मोड आणले, सूक्ष्म शैवालांवरचे प्रयोग केले. अमेरिकेत २००४ नंतर शिक्षकांचा वेगळा गट पुन्हा निवडला गेला नाही. पण विज्ञान किंवा गणितातली पदवी असलेल्या उमेदवाराचा शाळेत शिकवण्याचा अनुभव तिथे अर्जात धरला जातो. अट अमेरिकी नागरिकत्वाची आहे, तेव्हा इथल्या कुणी तो अर्ज मागवू नये. इस्रोने वैमानिकांपलीकडच्या उमेदवारांसाठी दार उघडले, तर शिकवण्याचा अनुभव धरायचा की नाही, हा प्रश्न इथेही विचारावा लागेल.

तोवर शाळांना करण्यासारखे एक आहे. हॅम रेडिओवरून स्थानकावरच्या अंतराळवीरांशी विद्यार्थ्यांचा संवाद घडवणारा आंतरराष्ट्रीय उपक्रम अनेक वर्षे चालू आहे आणि त्यासाठी कुठल्याही देशातली शाळा अर्ज करू शकते. शुक्लाही तिथून भारतीय विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवर बोलले होते. त्यासाठी परवानाधारक हॅम मंडळींची मदत, बरीच आधीची तयारी आणि मुलांनी स्वतः लिहून आणलेले प्रश्न लागतात. संवादाला मिळतात साधारण दहा मिनिटे, कारण एका जागेवरून पाहिले तर स्थानक तेवढाच वेळ क्षितिजाच्या वर असते.